हरवलेल्या शक्तीचा शोध : मेंदूतील एका नियामक प्रथिनाची कथा

इतिहासावरील व्याख्यानाला येणाऱ्या श्रोत्यांची काही रास्त अपेक्षा असते. एखादा गड असावा, एखादी स्वारी असावी, निदान एखादा तह तरी असावा. आज मी जो इतिहास सांगणार आहे त्यात यांपैकी काहीच नाही. त्यात गाईबैलांचे मेंदू आहेत, काचेच्या नळ्या आहेत, सापाचे विष आहे आणि एका संशोधकाच्या हातून दिवसेंदिवस निसटत चाललेली एक शक्ती आहे. काळही फार जुना नाही. १९६०च्या सुमारास सुरू होणारी ही कथा अद्याप संपलेली नाही. तरीही ती इतिहास म्हणूनच सांगावी असे मला वाटते. कारण पाठ्यपुस्तकात ती जेव्हा येते तेव्हा एका ओळीत येते : अमुक साली अमुक प्रथिनाचा शोध लागला. त्या ओळीतून खरी घटना गळून गेलेली असते. खरी घटना अशी की, एक माणूस एक पदार्थ शुद्ध करीत होता आणि तो पदार्थ जितका शुद्ध होत गेला तितका निकामी होत गेला.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. तोंडातला भाकरीचा घास बराच वेळ चघळला की गोडसर लागू लागतो. हे काम लाळेतील एका एंझाइमचे. एंझाइमला आपण विकर म्हणतो. विकर हे बहुधा प्रथिन असते. एखादी रासायनिक क्रिया ते कैक पटींनी जलद घडवते आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाही. शरीरात अशी हजारो विकरे आहेत. विकर असले की काम होणार, विकर नसले की काम अडणार, अशी जुनी साधी समजूत होती. पचनापुरती ती पुष्कळशी चालून जाते. मेंदूच्या बाबतीत ती चालत नाही. मेंदूतील पेशीला निमिषार्धात काही सुरू करावे लागते आणि तितक्याच तातडीने थांबवावे लागते. नवे विकर घडवायला वेळ लागतो, असलेले मोडून टाकायलाही लागतो. तेव्हा विकर जागेवर हजर असूनही स्वस्थ बसून राहावे आणि इशारा मिळताच कामाला लागावे, अशी काहीतरी योजना तेथे असली पाहिजे. हा इशारा कोण देतो, आणि तो येईपर्यंत विकराला रोखून कोण धरतो, हाच आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची वाट यकृतातून मेंदूकडे आली. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे अर्ल सदरलँड हे ॲड्रिनॅलिन या संप्रेरकाचा यकृतावर काय परिणाम होतो ते पाहत होते. संप्रेरक पेशीच्या दारापर्यंत येते, आत जात नाही. मग आतल्या विकरांना ते आल्याची वर्दी कशी लागते? १९५०नंतरच्या काही वर्षांत सदरलँड आणि थिओडोर रॉल यांना आत एक लहानसा पदार्थ तयार होताना आढळला. मिश्रण उकळले तरी त्याचा गुण जात नव्हता. हा पदार्थ म्हणजे सायक्लिक एएमपी. बाहेरून आलेला निरोप दारावरून आत नेणारा हा हरकाऱ्या. या कामासाठी सदरलँड यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण निरोप पोहोचवून झाल्यावर हरकाऱ्याने तेथेच घुटमळत राहणे सोयीचे नसते. पाटीवरचे जुने गणित पुसल्याखेरीज नवे मांडता येत नाही. हे पुसण्याचे काम करणाऱ्या विकराचे वर्णन बुचर आणि सदरलँड यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. त्याचे नाव फॉस्फोडायएस्टरेज. नाव लांबलचक आहे, म्हणून आज आपण त्याला ‘पुसणारे विकर’ म्हणू. हे विकर मेंदूच्या करड्या भागात फार विपुल असते, आणि म्हणूनच ते अभ्यासू पाहणाऱ्यांनी मेंदू हाती घेतला. त्यांना मेंदूचे गूढ उकलायचे होते असे नव्हे. त्यांना भरपूर माल हवा होता, आणि कत्तलखान्यातून आणलेल्या बैलाच्या मेंदूत तो मिळत होता. शास्त्राच्या इतिहासात थोर प्रश्नांकडे जाणारे रस्ते पुष्कळदा अशा सोयीच्या कारणांनी निघालेले दिसतात.

आता सापाचे विष येथे कोठून आले ते सांगतो. पुसणारे विकर सायक्लिक एएमपीमधील एक बंध सोडते आणि त्यापासून साधे एएमपी होते. हे साधे एएमपी किती झाले ते थेट मोजणे त्या काळी जिकिरीचे होते. मग युक्ती अशी की, सापाच्या विषात एक दुसरे विकर असते, ते या साध्या एएमपीतून फॉस्फेट सुटे करते. सुटा फॉस्फेट मोजणे सोपे. एक द्रावण घातले की निळा रंग येतो आणि रंग जितका गडद तितका फॉस्फेट जास्त. (फॉस्फेट मोजण्याची जगभर रूढ झालेली रीत १९२५ साली सायरस फिस्के आणि आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी बसवली होती. बोस्टनमध्ये राहून सुब्बारावांनी जे काम केले त्याचे आपल्याला म्हणावे तितके स्मरण नाही, म्हणून हा उल्लेख.) तर सापाचे विष येथे औषध म्हणून नव्हते की प्रयोगाचा विषय म्हणूनही नव्हते. त्याचे काम तराजूचे होते. आणि तराजूवर कोणी संशय घेत नाही.

वाइ यिउ च्यूंग हे मूळचे चीनमधील कँटनचे. अमेरिकेत शिक्षण घेऊन ते फिलाडेल्फियात आणि पुढे मेंफिस येथे संशोधन करीत होते. मेंदूतील पुसणारे विकर शुद्ध करावे, हा त्यांचा बेत. शुद्धीकरण म्हणजे काय, तर मेंदू वाटून त्याचा रस काढायचा, त्यात हजारो प्रथिनांची खिचडी असते, ती निरनिराळ्या उपायांनी पायरीपायरीने वेगळी करीत जायची. प्रत्येक पायरीला विकराची शक्ती मोजायची. शुद्धीकरण नीट चालले असेल तर दर मिलिग्रॅम प्रथिनामागे शक्ती वाढत गेली पाहिजे. दळणातून खडे निवडून काढले की धान्य तेवढेच उरते, तसे. च्यूंग यांना मात्र उलटा अनुभव आला. शेवटच्या पायऱ्यांपैकी एका पायरीवर रस एका स्तंभातून गाळला जाई. त्या स्तंभात प्रथिने त्यांच्या विद्युत्भारानुसार धरली जातात आणि क्षाराचे प्रमाण वाढवीत नेले की एकामागून एक सुटतात. या स्तंभातून बाहेर आलेले विकर पूर्वीपेक्षा शुद्ध होते आणि पूर्वीपेक्षा मलूल होते. बरीचशी शक्ती कोठेतरी गेली होती.

असे घडले की बहुतेक संशोधक काय करतात हे प्रयोगशाळेत वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. विकर नाजूक असते, हाताळणीत बिघडले, असे म्हणून ते नव्याने मेंदू वाटायला घेतात. पुष्कळदा ते खरेही असते. च्यूंग यांच्यापुढे मात्र एक अडचण उभी राहिली होती. मोजणीच्या दोन रीती होत्या. एका रीतीत सापाचे विष पहिल्यापासूनच मिश्रणात घातलेले असे. दुसऱ्या रीतीत पुसणाऱ्या विकराचे काम आटोपल्यावर, ते थांबवून, मग विष घालीत. दोन्ही रीतींनी उत्तर एकच यायला हवे. एकाच पोत्याचे वजन सकाळी केले काय आणि संध्याकाळी केले काय. पण शुद्ध केलेल्या विकराची शक्ती विष आरंभापासून सोबत असले की पुष्कळ दिसे आणि विष मागाहून घातले की अगदी थोडी दिसे. मूळच्या अशुद्ध रसात मात्र असा फरक फारसा पडत नव्हता. १९६७ साली त्यांनी हे जसेच्या तसे प्रसिद्ध केले : सापाचे विष या विकराला ठळकपणे उत्तेजित करते. का, ते त्या वेळी सांगता येण्याजोगे नव्हते.

या क्षणी मी थोडा थांबणार आहे, कारण या कथेचे मर्म माझ्या मते येथे आहे. पुढे जे सांगितले जाते ते असे की योगायोगाने शोध लागला. मला हे म्हणणे पटत नाही. विकर मलूल झाले ही गोष्ट अनेकांच्या हातून अनेकदा घडलेली असणार. त्यात योगायोग कसला? दोन रीतींनी मोजून, दोन उत्तरे आली असता, सोयीचे ते ठेवून गैरसोयीचे टाकून न देणे, यात योगायोगाचा भाग थोडा आणि हिशेबीपणाचा भाग मोठा आहे. सावकाराच्या खतावणीत दोन पैशांचा फरक निघाला तर चांगला कारकून रात्रभर जागतो. फरक दोन पैशांचा म्हणून तो सोडून देत नाही, कारण त्या दोन पैशांच्या मागे कोणती चूक दडली आहे ते त्याला ठाऊक नसते.

तर मग शक्ती गेली कोठे? च्यूंग यांनी स्तंभातून बाहेर आलेले इतर अंश, म्हणजे ज्यांत विकर नाही म्हणून एरवी मोरीत गेले असते ते, एकेक करून त्या मलूल विकरात घालून पाहिले. उशिरा बाहेर पडणाऱ्या एका अंशाने विकर पुन्हा सतेज झाले. त्या अंशात स्वतःची पुसण्याची शक्ती मुळीच नव्हती. विकर आणि त्याला उठवणारा घटक हे दोघे मेंदूच्या रसात एकत्र होते म्हणून तेथे विकर जोमाने काम करी. शुद्धीकरणाने त्या दोघांची ताटातूट केली होती. १९७० साली च्यूंग यांनी या ‘उत्तेजक’ घटकाचे अस्तित्व जाहीर केले आणि १९७१मध्ये तो प्रथिन असल्याचा पुरावा दिला.

हे प्रथिनही जगावेगळे. अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो, तसे प्रथिन तापवले की सहसा कायमचे बिघडते. हे मात्र उकळत्या पाण्याच्या उष्णतेतून सहीसलामत बाहेर येई. उकळलेल्या रसात गुण शिल्लक राहणे ही जीवरसायनात फार जुनी खूण आहे. १९०६च्या सुमारास लंडनमध्ये हार्डन आणि यंग यांना उकळलेल्या यीस्टच्या रसात आंबण्याला मदत करणारा सहघटक सापडला होता, सदरलँड यांचे सायक्लिक एएमपीही असेच हाती लागले होते. पण ते दोन्ही लहान रेणू होते. उकळूनही टिकते म्हणजे ते प्रथिन नसणार, असा निर्णय या वेळी घाईने घेतला असता तर तो चुकला असता. प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन या घटकावर सोडले की त्याचा गुण नाहीसा होई, आणि त्यावरून ते प्रथिनच हे ठरले. गंमत अशी की तेच ट्रिप्सिन पुसणाऱ्या विकरावर बेताने सोडले तर ते विकर मात्र जागे होई. एकाच सुरीने एक मरतो आणि दुसरा उठून बसतो, हे काय गौडबंगाल आहे ते पुढे पाहू.

त्याच काळात जपानात ओसाका येथे शिरो काकिउची हे मेंदूतील याच विकरामागे दुसऱ्या वाटेने लागले होते. काकिउची आणि यामाझाकी यांना उंदराच्या मेंदूत असे आढळले की कॅल्शियमच्या अगदी थोड्या प्रमाणाने पुसणारे विकर उत्तेजित होते, पण त्यासाठी सोबत एक प्रथिन-घटक लागतो. तेही वर्ष १९७०. च्यूंग यांच्यापाशी प्रथिन होते पण कॅल्शियमची कल्पना नव्हती. काकिउचींपाशी कॅल्शियम होते आणि प्रथिनही होते. दोघांचे प्रथिन एकच, हे मात्र लगेच कळले नाही. कॅनडात विनिपेग येथे टिओ आणि वाँग यांनी बैलाच्या हृदयातून तसलेच प्रथिन मिळवले आणि १९७३ साली दाखवले की हे प्रथिन कॅल्शियम धरून ठेवते, आणि कॅल्शियम धरल्यावरच ते विकराला जाऊन भिडते. मेंफिसच्या प्रयोगांत कॅल्शियम वेगळे घालावे लागले नव्हते, कारण एरवीच्या मिश्रणात त्याचा अंश असतोच.

कॅल्शियमची ही चोरपावलांची चाल शास्त्रज्ञांना अगदीच नवी नव्हती. लंडनच्या सिडनी रिंगर यांनी १८८३ साली बेडकाचे हृदय शरीराबाहेर धडधडते ठेवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आधीच्या प्रयोगांत द्रावणासाठी नळाचे पाणी वापरले गेले होते आणि हृदय छान चालत होते. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच ते बंद पडले. लंडनच्या नळाच्या पाण्यात चुन्याचा अंश होता आणि हृदय त्यावर चालत होते. येथेही तीच गोष्ट : पाणी शुद्ध झाले आणि काम थांबले. पुढे १९६०नंतर टोकियोत सेत्सुरो एबाशी यांनी स्नायूतील ट्रोपोनिन हे कॅल्शियम धरणारे प्रथिन उजेडात आणले. मेंदूतील आपले प्रथिन या ट्रोपोनिनच्या एका भागाशी रचनेने फार जवळचे आहे, हे १९७६च्या सुमारास ध्यानात आले. स्नायू आकसतो आणि मेंदू विचार करतो. दोहोंच्या मुळाशी एकाच घराण्यातील प्रथिने बसलेली आहेत.

तोवर या प्रथिनाला नावे किती पडली होती म्हणता! कोणी त्याला उत्तेजक म्हणे, कोणी मॉड्युलेटर, कोणी कॅल्शियमवर अवलंबून असणारा नियामक, कोणी ट्रोपोनिनसारखे प्रथिन. ज्याच्या घरी पाहुणा उतरला त्याने त्याला आपल्या नात्याने हाक मारावी, तसे झाले होते. १९७०नंतरचे दशक संपता संपता ‘कॅलमोड्युलिन’ हे नाव सर्वमान्य झाले. नावांच्या या घोळामागे एक खरा विचारदोष होता, तो सांगण्यासारखा आहे. प्रत्येकाला वाटत होते की हे प्रथिन आपल्या विकराचे आहे. च्यूंग यांच्या ध्यानात मात्र लवकर आले होते की मेंदूत पुसणाऱ्या विकराला लागेल त्याच्या किती तरी पट अधिक हे प्रथिन आहे. एका बैलाला कोणी दहा कासरे बांधीत नाही. दावणीला आणखी गुरे असली पाहिजेत.

ती निघालीही. १९७५ साली दोन निरनिराळ्या गटांनी दाखवले की मेंदूत सायक्लिक एएमपी तयार करणाऱ्या विकरालाही हेच प्रथिन उत्तेजित करते. म्हणजे पाटीवर लिहिणारा आणि पुसणारा या दोघांनाही एकाच्याच इशाऱ्याने चेव येतो! प्रथम हे वेडगळपणाचे वाटले. पण लिहिणारे विकर पेशीच्या आवरणाशी असते आणि पुसणारे मुख्यतः आत. दोघांना एकाच वेळी, एकाच ठिकाणी, सारखाच कॅल्शियम मिळेल असे नाही. निरोप उमटावा आणि लगेच विरावा, अशी सोय त्यातून होऊ शकते.

आता या प्रथिनाची कामाची रीत. शांत असलेल्या मज्जापेशीच्या आत मोकळा कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. पेशी चेतली की आवरणातील दारे उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतो. कॅलमोड्युलिन हे अवघ्या १४८ अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन. त्यात कॅल्शियम धरायला चार खाचा आहेत. अशा खाचेची घडण १९७३ साली रॉबर्ट क्रेट्सिंगर यांनी कार्प माशाच्या स्नायूतील एका प्रथिनात प्रथम ओळखली होती. १९८५ साली अमेरिकेत अलाबामा येथे सुधाकर बाबू, चार्ल्स बग आणि विल्यम कुक यांनी कॅलमोड्युलिनच्या स्फटिकाचे क्ष-किरण चित्र मांडले. आखाड्यातील डंबेलसारखे दोन टोकांना दोन गोळे आणि मध्ये दांडा, अशी त्याची आकृती दिसली. १९९२ साली दुसरे चित्र आले, त्यात हाच दांडा मधून वाकला होता आणि दोन्ही गोळ्यांनी विकराचा एक तुकडा, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरावा तसा, कवटाळला होता.

त्या तुकड्यातच आपल्या गौडबंगालाचा उलगडा आहे. या विकरांपैकी पुष्कळांच्या अंगाला एक शेपूट असते. कॅलमोड्युलिन जवळ नसताना त्या शेपटाचा भाग विकराच्या कामाच्या जागेत अडकून बसतो किंवा ती जागा आवळून धरतो. विकराने जणू स्वतःच्याच तोंडावर हात ठेवलेला असतो. कॅल्शियमने भरलेले कॅलमोड्युलिन येते, ती शेपटी बाजूला ओढून धरते आणि विकर मोकळे होते. कॅल्शियम ओसरला की पुन्हा हात तोंडावर. सापाच्या विषात आणि ट्रिप्सिनमध्ये प्रथिने तोडणारी विकरे असतात. ती शेपूट तोडून टाकतात. शेपूट तुटलेले विकर कायमचे मोकळे. त्याला मग कॅलमोड्युलिनचीही गरज नाही, आणि त्याला आवरणेही शक्य नाही. १९६७ साली च्यूंग यांनी विषाने जागे झालेले विकर पाहिले होते, ते असे लगाम तुटलेले विकर होते. तराजूने माल बदलला होता. आणि तो बदलला हे कळले म्हणूनच लगाम होता हे कळले.

मेंदूच्या दृष्टीने या कथेचा सर्वांत मोलाचा भाग यापुढचा आहे. प्रथिनांवर फॉस्फेट चढवणे आणि उतरवणे ही पेशीतील विकरांना चालू-बंद करण्याची सर्वसामान्य रीत. चढवणारी विकरे वेगळी, उतरवणारी वेगळी. १९७८ साली हॉवर्ड शुलमन आणि पॉल ग्रीनगार्ड यांनी मेंदूत कॅल्शियम आणि कॅलमोड्युलिन यांच्या हुकमाने चालणारे फॉस्फेट चढवण्याचे काम दाखवले. त्यातून पुढे जे विकर हाती आले ते बारा घटकांचे मोठे कडे आहे. स्मृतीशी निकट संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात एकूण प्रथिनांच्या सुमारे २ टक्के हे एकच विकर असते. कॅल्शियमचा जोराचा झोत आला की कड्यातील घटक शेजारच्या घटकावर, २८६व्या जागी, फॉस्फेट चढवतो. मग कॅल्शियम ओसरला, कॅलमोड्युलिन निघून गेले, तरी विकर जागेच राहते. १९८६ साली मिलर आणि मेरी केनेडी यांनी हे दाखवले तेव्हा अनेकांच्या मनात एकच शब्द आला : स्मृती. क्षणिक घटना घडून गेली आणि तिची खूण एका रेणूवर राहिली. १९९२ साली अल्सिनो सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विकर नसलेले उंदीर तयार केले. पाण्याच्या हौदातील दडवलेला फळ्या शोधण्याची वाट त्यांच्या नीट लक्षात राहीना. १९९८मध्ये तर विकर तसेच ठेवून केवळ ती २८६वी जागा बदललेल्या उंदरांतही शिकण्याची तशीच हानी दिसली.

चढवणाऱ्याची ही कीर्ती झाली. उतरवणाऱ्याचा इतिहास अधिक मौजेचा आहे. १९७५नंतर मेंदूच्या रसात असे एक प्रथिन सापडले होते की जे पुसणाऱ्या विकराला उत्तेजित होऊ देत नसे. ते सरळ कॅलमोड्युलिनच धरून बसे, विकरापर्यंत पोहोचूच देत नसे. तेव्हा त्याची नोंद ‘प्रतिबंधक’ म्हणून झाली. अमेरिकेतील बेथेस्डा येथे क्लॉड क्ली या विदुषीने ते शुद्ध केले आणि १९७९ साली त्याला कॅल्सिन्यूरिन हे नाव दिले, कारण ते कॅल्शियम धरते आणि मज्जासंस्थेत विपुल आहे. पण कॅलमोड्युलिन अडवून ठेवण्यासाठी मेंदूने एवढे प्रथिन का पोसावे? १९८२ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील फिलिप कोहेन यांच्या गटाने क्ली यांच्या सहकार्याने दाखवले की कॅल्सिन्यूरिन स्वतःच फॉस्फेट उतरवणारे विकर आहे. ते कॅलमोड्युलिन अडवीत नव्हते, वापरीत होते. ज्याला आपण उंबरठ्यावरचा अडवणूकदार समजलो तो घरचाच कर्ता निघाला.

येथे इतिहासकार म्हणून मला एक कोडे लक्षात घ्यावेसे वाटते. कॅल्शियम आत येतो, कॅलमोड्युलिन भरते, आणि त्याच्या इशाऱ्याने एक विकर फॉस्फेट चढवू लागते, दुसरे उतरवू लागते. मग मेंदू काय ठरवतो? १९८९ साली जॉन लिसमन यांनी एक उत्तर सुचवले, आणि पुढील प्रयोगांनी त्याला बराच आधार दिला. कॅल्सिन्यूरिन थोड्या कॅल्शियमनेही जागे होते, चढवणाऱ्या विकराला जास्त लागतो. मंद, लांबलेली कॅल्शियमची झुळूक आली की उतरवणारा वरचढ ठरतो आणि दोन मज्जापेशींमधला दुवा दुबळा होतो. जोराचा झोत आला की चढवणारा वरचढ ठरतो आणि दुवा बळावतो. हुकूम एकच, त्याचा अर्थ मात्र तो किती मोठ्याने दिला यावर ठरतो.

यातला आणखी एक मध्यस्थ ग्रीनगार्ड यांच्याच प्रयोगशाळेत सापडला. १९८३ साली वर्णन झालेले डार्प-३२ हे प्रथिन मेंदूत डोपामिन या द्रव्याचा निरोप घेणाऱ्या पेशींत आढळते. डोपामिनमुळे सायक्लिक एएमपी वाढला की या प्रथिनाच्या ३४व्या जागी फॉस्फेट चढतो, आणि मग ते फॉस्फेट उतरवणाऱ्या आणखी एका प्रमुख विकराला जखडून टाकते, हे १९८४मध्ये कळले. त्या ३४व्या जागेवरचा फॉस्फेट कोण उतरवतो? कॅल्सिन्यूरिन! आणि १९९९ साली असे दिसले की त्याच डार्प-३२वर ७५व्या जागी फॉस्फेट चढला तर ते पक्ष बदलते आणि फॉस्फेट चढवणाऱ्या विकरालाच आवरू लागते. कॅल्शियमची वाट आणि सायक्लिक एएमपीची वाट येथे एकमेकींना छेदतात. कोण स्वामी आणि कोण सेवक, असा प्रश्न या दरबारात विचारण्यात अर्थ राहत नाही. पहिल्या संशोधकांनी ‘नियामक’ हा शब्द वापरला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे वरून हुकूम सोडणारा अधिकारी होता. प्रत्यक्षात हा नियामक कॅल्शियमच्या येण्याजाण्यावर अवलंबून, आणि कॅल्शियमची दारे ज्या प्रथिनांची बनलेली आहेत त्यांपैकी काहींवर पुन्हा याच नियामकाचा हात.

सदरलँड यांच्यामागून १९९२ साली एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांना, १९९४ साली आल्फ्रेड गिलमन आणि मार्टिन रॉडबेल यांना, २००० साली ग्रीनगार्ड यांना दोन सहमानकऱ्यांसह नोबेल मिळाले. सर्व कामे याच परिसरातली. कॅलमोड्युलिनच्या शोधाला ते मिळाले नाही. काकिउची तर १९८४ सालीच वारले. पारितोषिकांच्या यादीवरून शास्त्राचा इतिहास लिहिण्याची जी सवय पडली आहे तिचा हा तोटा आहे.

स्मृती वाढवण्याच्या गोळीचे स्वप्न पाहणाऱ्यांनी या प्रकरणावर पुष्कळ लिहिले आहे. २००१ साली कॅल्सिन्यूरिनला अंशतः आवरलेल्या उंदरांची स्मरणशक्ती वाढल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा तर उत्साहाला भरतीच आली. माणसाच्या बाबतीत कॅल्सिन्यूरिन आवरण्याचा अनुभव मात्र त्याआधीच जमा होत होता, आणि तोही स्मृतीच्या शोधात निघालेल्यांकडून नव्हे. मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णाच्या शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन हे औषध १९८०नंतर सर्रास दिले जाऊ लागले. ते पेशीत नेमके कोणाला धरते हे ठाऊक नव्हते. १९९१ साली स्टुअर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ते दुसऱ्या एका प्रथिनाशी जोडी करून कॅल्सिन्यूरिनला जखडते. टॅक्रोलिमस हे औषधही तेच करते. रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींतले कॅल्सिन्यूरिन आणि मेंदूतले कॅल्सिन्यूरिन एकाच घराण्याचे. या औषधांवर असलेल्या पुष्कळ रुग्णांचे हात कापतात, हे डॉक्टर आधीपासून पाहत होते. असा रुग्ण चहाचा कप उचलतो तेव्हा बशीत कप खडखडतो, आणि डॉक्टर त्याच्या रक्तातील औषधाचे प्रमाण तपासून मात्रा थोडी उतरवतात.